भोंग्याची दोरी

आपल्या वार्षिकांत माजी विद्यार्थ्यानें कांहींतरी लिहून द्यावें, अशी संपादकमंडळाची इच्छा मला कळविण्यांत आली तेव्हां प्रथम मी गोंधळलों. माझ्या हातून विद्वत्तेचें असें कांहीं घडलेलें नाहीं. आणि प्रवासवर्णन लिहावें तर माझा प्रवास बहुतेक नांदेडाहून लातुरास व लातुराहून नांदेडास एवढाच झालेला. परंतु गेल्या पावसाळ्यांत एका कामानिमित्त शाळेंत आलों असतां एक गोष्ट घडली, आणि तिनेंच मला विषय दिला. फाटकापाशीं 'शांतता क्षेत्र' अशी पाटी आहे. त्या पाटीखालून एक मालमोटार गेली, आणि जातांना तिनें असा कांहीं आवाज काढिला कीं, जवळच्या वर्गांत चाललेलें वाचन मध्येंच थांबलें. बाई हातांतील पुस्तक तसेंच धरून उभ्या राहिल्या. मुलें हंसलीं. थोड्या वेळानें सुटी झाली तेव्हां त्यांपैकीं एका मुलानें मला गांठून विचारिलें, "काका, एवढा मोठा आवाज कशानें निघतो?" मीं त्यास "हवेनें" एवढेंच उत्तर दिलें, आणि घाईनें निघून गेलों. उत्तर खरें असलें तरी अपुरें होतें, आणि घाईचें कारणहि निराळें होतें. राहिलेलें उत्तर येथें देत आहें.

माझे वडील, ज्यांस आम्ही घरांत अण्णा म्हणतों, हे मालमोटारीच्या धंद्यांत होते. १९८६ सालीं त्यांच्यापाशीं बेडफर्ड जातीची एक जुनी गाडी होती. नांदेडच्या मोंढ्यांतून सरकी किंवा कापसाच्या गांठी भरावयाच्या, लोहा, माळेगांव, अहमदपूर, चाकूर ह्या मार्गानें सुमारें १४० किलोमीटर चालून लातुरास जावयाचें, आणि तेथून डाळीचीं पोतीं घेऊन परत यावयाचें, असा त्यांचा क्रम असे. गाडी प्रामाणिक होती. चढावर धापा टाकी, परंतु वाटेंत बसत नसे. तिचें एकच वैगुण्य अण्णांच्या मनास लागून राहिलें होतें. तिला आवाज नव्हता. बॅटरीवर चालणारा तिचा भोंगा सर्दी झालेल्या बोकडासारखा ओरडे. लातुरास गंजगोलाईंत, जेथें सोळा रस्ते एका वर्तुळास येऊन मिळतात, तेथें तर ह्या आवाजानें हातगाडीवाला देखील मान वळवीत नसे. धंद्यांतील इतर मंडळी अण्णांना 'पिपाणीवाले' म्हणूं लागली होती, आणि हें त्यांना वरून हंसण्यावारी नेतां आलें तरी आंतून झोंबत असे.

त्यांना हवें होतें तें हवेवर वाजणारे मोठे कर्णे. परंतु आमच्या गाडीच्या अंगांत दाबलेली हवा कोठेंच नव्हती. तिचे ब्रेक तेलाच्या दाबानें लागत, आणि पायाच्या जोरास मदत म्हणून निर्वाताची शक्ति वापरलेली असे. तेव्हां कर्णे वाजवावयाचे म्हणजे आधीं हवा दाबणारें यंत्र इंजिनावर बसविणें प्राप्त होतें. खर्च थोडा नव्हता. आईला अण्णांनीं कारण सांगितलें तें चाकांचें. रात्रीं-अपरात्रीं माळरानावर चाक बसलें म्हणजे ते व क्लीनर आळीपाळीनें हातपंप मारीत. दोघांच्याहि पाठीचा काटा ढिला होई. यंत्र बसविलें कीं ही हमाली टळेल, असें त्यांनीं तिला पटविलें. कारण खोटें नव्हतें. परंतु खरें कारण दुसरें होतें, हें आईला, मला व बहुधा क्लीनरलाहि ठाऊक होतें.

दिवाळीच्या सुटींत काम निघालें. मी त्या वेळीं चौदा वर्षांचा होतों, आणि अण्णांनीं मला मिस्त्रींच्या हाताखालीं दिलें. देगलूर नाक्याकडे त्यांचें छपराचें दुकान होतें. ते शीख होते. १७०८ सालीं श्रीगुरु गोविंदसिंहजींनीं ज्या नगरींत देह ठेविला त्या नगरींत त्यांच्या कित्येक पिढ्या गेलेल्या, त्यामुळें मराठी ते आमच्यासारखीच बोलत. फक्त राग आला म्हणजे हिंदींत येत. मोडीत निघालेल्या एका मोठ्या गाडीचा एका नळकांड्याचा कॉम्प्रेसर त्यांनीं पैदा केला होता. तो त्यांनीं माझ्या देखत पूर्ण उघडला, दट्ट्याच्या कड्या बदलल्या, झडपांच्या पातळ पात्या रॉकेलानें धुऊन कांचेवर घांसल्या, आणि मग आमच्या इंजिनाच्या कुशीस जाड पत्र्याचा एक घोडा करून त्यावर तो बसविला.

बसविणें म्हणजे केवळ बोल्ट आवळणें नव्हे, हें मला त्या तीन दिवसांत कळलें. इंजिनाच्या आंसावर एक जादा पुली चढवून तिच्यावरून पट्ट्यानें कॉम्प्रेसर फिरवावयाचा होता. दोन्ही पुल्या एका रेषेंत नसल्या तर पट्टा आठ दिवसांत कातरून जातो. मिस्त्रींनीं त्या रेषेची परीक्षा सुतळीनें केली. सुतळी ताणून दोन्ही पुल्यांच्या कडांस लावली, आणि एके ठिकाणीं नखभर फट दिसली तेव्हां घोडा पुन्हां सोडून त्याखालीं चकत्या घातल्या. पट्ट्याचा ताण अंगठ्यानें पाहावयाचा: मधोमध दाबला असतां अर्धा इंच लवला पाहिजे, अधिक लवला तर घसरेल, कमी लवला तर धारव्यांचा जीव घेईल. नंतर तेलाची सोय. इंजिनाच्या तेलाच्या वाटेवरून एक बारीक नळी कॉम्प्रेसरला दिली, आणि तेथून दुसरी, जरा रुंद, खालच्या तेलपात्रांत परत सोडली. येणारी नळी बारीक व जाणारी रुंद कां, असें मीं विचारिलें. "येतं ते दाबानं येतं, जातं ते आपल्या वजनानं जातं," ते म्हणाले. शाळेंतील शास्त्राच्या तासाला मला हें इतक्या स्पष्टपणें कधीं समजलें नव्हतें.

हवा दाबली म्हणजे तापते. सायकलींत हवा भरतांना पंपाचें बूड ऊन होतें हें आपणां सर्वांस माहीत आहे. कॉम्प्रेसरमधून निघणारी नळी तर हात भाजण्याइतकी तापते. मिस्त्रींनीं ती तांब्याची घेऊन तिला चार वेटोळीं दिलीं, म्हणजे टाकींत पोहोंचेपर्यंत हवा कांहींशी निवावी. त्या वेटोळ्याचा एक डाग माझ्या उजव्या मनगटावर अजून आहे. हवा निवाली कीं तिच्यांतील बाष्पाचें पाणी होतें, आणि तें टाकीच्या तळाशीं सांचतें. म्हणून टाकी चौकटीवर किंचित् तिरपी बांधली व खालच्या टोंकास एक लहान तोटी ठेविली. रोज सकाळीं ती तोटी उघडणें हें पुढें माझें काम झालें. आंतून फसफसत दुधासारखें पाणी येई. त्यांत तेल मिसळलेलें असे. हें पाणी काढलें नाहीं तर टाकी आंतून गंजते, आणि गंजलेल्या टाकींत दाबलेली हवा ठेवणें म्हणजे काय, हें सांगावयास नको.

टाकीच्या तोंडाशीं एकाच बाजूस उघडणारी झडप होती, ती अशासाठीं कीं इंजिन बंद झालें तरी हवा माघारीं जाऊं नये. दाब चौरस सेंटिमीटरास सात किलोग्रॅम झाला कीं कॉम्प्रेसर आपोआप रिकामा फिरूं लागे; आणि ती योजना बिघडलीच तर वर एक सुरक्षा-झडप होतीच. मिस्त्री म्हणाले, "हवा हे भूत आहे, भाऊ. बाटलीत घालायचं तर बूच आपल्या हाती पाहिजे." सर्व सांधे जुळल्यावर त्यांनीं एका वाटींत साबणाचा फेंस केला व जुन्या दाढीच्या कुंचल्यानें प्रत्येक सांध्यास लाविला. जेथें बुडबुडा फुगला तेथें हवा गळते. दोन ठिकाणीं फुगला. ते सांधे उघडून पुन्हां बसविले.

येथें विद्यार्थ्यांसाठीं थोडें गणित करतों. आमची टाकी ३० लिटरांची होती. मापकाचा कांटा सातावर असतां आंतील हवेचा खरा दाब बाहेरील हवेच्या धरून सुमारें आठ वातावरणांइतका होतो. रॉबर्ट बॉइल यानें १६६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणें, उष्णतामान तेंच राहिलें तर, त्या ३० लिटरांच्या पोटांत बाहेरची २४० लिटर हवा कोंबलेली असते. कांटा चारावर उतरेपर्यंत भोंगा वाजविला तर त्यांतील ९० लिटर खर्च होते. आपण फुंकून बांसरी वाजवितों ती किती हवेवर, हें ज्यानें त्यानें अजमावून पाहावें, म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मिळेल.

उरलेलें अर्धें कर्ण्यांत आहे. कर्णे दोन होते, एक हातभर व एक त्याहून आंखूड. पितळेचे, वर निकेलचा मुलामा. कर्ण्याच्या बुडाशीं एक पातळ धातूचा पडदा असतो व तो कर्ण्याच्या घशावर घट्ट टेंकलेला असतो. हवा आली कीं ती पडद्यास मागें ढकलते व घशांत शिरते. ती निसटली कीं दाब कमी होऊन पडदा पुन्हां घशावर बसतो. पुन्हां हवा, पुन्हां ढकलणें. सेकंदास शेंकडों वेळां हा उघडझांपीचा खेळ चालतो, आणि तोच आपणांस ध्वनि म्हणून ऐकूं येतो. लांब कर्ण्याचा स्वर खालचा, आंखडाचा वरचा. दोन एकदम वाजले म्हणजे तो भरघोस, अंगावर येणारा आवाज होतो. कर्णे टपावर बसविले, आणि त्यांची झडप उघडणारी दोरी आंत, ड्रायव्हरच्या डोक्यावरून ओढून, मधल्या जागीं लोंबती ठेविली. म्हणजे ती अण्णांच्या डाव्या हातास येई. आणि शेजारीं बसणाऱ्याच्या उजव्या हातासहि.

पहिल्यांदा ती अण्णांनीं ओढली तेव्हां नाक्यावरचीं कुत्रीं पळालीं, चहावाल्याच्या हातचा पेला पडला, आणि मिस्त्रींनीं दोन्ही कानांवर हात ठेवून "बस्, बस्!" म्हटलें. अण्णांच्या तोंडावर त्या वेळीं जें हंसूं आलें तसें मीं त्यापूर्वीं पाहिलें नव्हतें. पिपाणीवाले हें नांव त्या दिवशीं मेलें.

जातां जातां मिस्त्रींनीं एक गोष्ट बजावली, ती येथें नमूद करतों, कारण आज ती पूर्वीपेक्षां अधिक लागू आहे. पुढेंमागें हवेवरच्या ब्रेकांची गाडी घेतलीत तर भोंग्याची हवा ब्रेकांच्या टाकींतून परभारें घेऊं नका, असें ते म्हणाले. जॉर्ज वेस्टिंगहाउस यानें १८६९ सालीं आगगाडीच्या हवेवरच्या ब्रेकाचें पेटंट घेतलें. परंतु त्याच्या त्या पहिल्या योजनेंत नळी फुटली कीं ब्रेकच नाहींसा होई. १८७२ सालीं त्यानें ती उलटी केली: नळींत हवा असेल तोंवर ब्रेक मोकळा, हवा गेली कीं आपोआप लागलेला. आजच्या मोठ्या मालमोटारींतहि हवा संपली असतां बळकट स्प्रिंगा ब्रेक आवळून धरतात. तरीहि ब्रेकाची हवा भोंग्यापायीं उधळणें धोक्याचेंच; म्हणून ब्रेकांचा दाब पुरा असेल तेव्हांच इतर कामांस हवा सोडणारी रक्षक-झडप मध्यें बसवितात. घाईनें काम उरकणारा कारागीर नेमकी तीच वगळतो.

आतां ज्या गोष्टीसाठीं मीं लेखणी हातीं घेतली तिच्याकडे वळतों.

त्याच वर्षीं नाताळच्या सुटींत मी अण्णांबरोबर एक खेप केली. डिसेंबरचे अखेरचे दिवस, आणि माळेगांवची खंडोबाची यात्रा भरत होती. मार्गशीर्षाच्या वद्य पक्षांतील ही यात्रा जनावरांच्या बाजारासाठीं दूरवर प्रसिद्ध आहे. घोडे, उंट, गाढवें, कुत्रीं, आणि बैल तर विचारूंच नका. आमचा रस्ता यात्रेच्या अंगावरूनच जाई. तेव्हां तो आजच्यासारखा रुंद नव्हता. मधोमध डांबराची एक पट्टी, दोहों बाजूंस मुरूम, आणि त्यावर त्या दिवशीं बैलगाड्यांची रांग. अण्णांनीं लोह्यापासूनच वेग कमी केला होता, आणि मला सांगून ठेविलें होतें, "जनावर पुढं असलं की दोरीला हात लावायचा नाही." क्लीनर वर पोत्यांवर झोंपला होता.

पुढें एक गाडी चालली होती. तिला कोवळ्या लाल कंधारी बैलांची जोडी होती. शिंगें रंगविलेलीं, गळ्यांत घुंगुरमाळा, पाठीवर नव्या झुली. हीं खोंडें बाजारास निघालीं होतीं हें पाहतांच कळे. गाडी रस्त्याच्या मधून चालली होती व बाजूस होत नव्हती. अण्णा गप्प राहून मागोमाग चालले होते. मला वाटलें, आपली एवढी गाडी, एवढे कर्णे, आणि आपण एका बैलगाडीच्या मागें मुंगीच्या पावलानें जात आहों. शिवाय रस्त्याच्या कडेस माझ्याच वयाचीं पोरें उभीं होतीं व आमच्या कर्ण्यांकडे बोटें करीत होतीं. अंतर पंचवीस-तीस हात असेल. मीं दोरी ओढली.

बैल उधळले असें म्हणण्यांत कांहींच सांगितल्यासारखें होत नाहीं. ते प्रथम जागच्या जागीं थरथरले, मग दोघे दोन दिशांस ओढूं लागले, आणि मग दोघेहि एकदम डाव्या उतारावर गेले. गाडीचें चाक मोरीच्या कठड्यास लागलें. आंस मोडला. गाडीवान म्हातारा होता, तो धुरेवरून खालीं फेंकला गेला, आणि डावीकडचा बैल जू मानेवर असतांनाच पडला व त्याचा पुढचा पाय मोरीच्या दगडांत अडकून मोडला. त्या मोडण्याचा आवाज मला ऐकूं आला. इंजिन चालू होतें, घुंगरें वाजत होतीं, माणसें ओरडत होतीं, तरीहि ऐकूं आला.

लोक धांवून आले. यात्रेचे लोक, शेतकरी माणसें. बैल पडलेला पाहून त्यांचें रक्त तापलें, यांत नवल नव्हतें. दोघांतिघांनीं अण्णांस दार उघडून खालीं ओढलें. "भोंगा कुणी वाजवला?" असा एकच प्रश्न चोहोंकडून होऊं लागला. अण्णांनीं हात जोडले व म्हणाले, "मी वाजवला. चूक माझी आहे." एकानें त्यांच्या थोबाडींत मारली. त्यांचा फेटा पडला. मी वर आसनावर बसलेला होतों, आणि दोरी माझ्या डोळ्यांसमोर अजून हालत होती. मीं कांहीं बोललों नाहीं.

म्हाताऱ्याचा खांदा निखळला होता. अण्णांनीं त्यास आमच्याच गाडींत बसवून लोह्याच्या दवाखान्यांत नेलें. वाटेंत ते त्याला "मामा, जरा सोसा, आलंच," एवढेंच म्हणत राहिले. माझ्याशीं ते त्या दिवशीं बोलले नाहींत, आणि दुसऱ्या दिवशीं बोलले तें नेहमींच्याच गोष्टी. नांदेडास पोहोंचल्यावर त्यांनीं पाना घेतला, टपावर चढले, आणि दोन्ही कर्णे उतरवून माळ्यावर टाकले. कॉम्प्रेसर तसाच राहिला. तो पुढें चाकांत हवा भरण्याच्या उपयोगास आला, म्हणजे आईला सांगितलेलें कारण शेवटीं खरें ठरलें.

बैलाची किंमत अण्णांनीं सहा हप्त्यांत फेडली. जोडीतला एक गेला म्हणजे दुसऱ्याचीहि किंमत उतरते. तीहि त्यांनीं धरली. म्हाताऱ्याचें गांव कंधाराकडे होतें. दर हप्त्यास अण्णा मला बरोबर नेत. कां, तें त्यांनीं सांगितलें नाहीं. पांच वेळां मी त्या ओट्यावर बसलों, त्या माउलीच्या हातचें ताक प्यालों, आणि पांच वेळां तसाच परतलों. सहाव्या वेळीं अण्णा नोटा मोजीत असतां मी एकदम म्हणालों, "आजोबा, भोंगा मीं वाजवला होता." अण्णांची बोटें थांबलीं. म्हातारा थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "ठाव हाय मला, लेकरा. गाडीवान मागं बी बघतो. तुझा हात वर व्हता." "मग तुम्ही तेव्हां कां नाहीं सांगितलेंत?" मीं विचारिलें. त्यानें अण्णांकडे हनुवटी केली. "ह्यो माणूस हात जोडून हुबा व्हता. त्याला लोकांम्होरं खोटं पाडू का?" नंतर तो उठला व गोठ्याकडे गेला. उरलेल्या बैलास त्यानें नवा जोडीदार आणिला होता. तो त्यानें आम्हांस दाखविला.

ही हकीकत येथेंच संपली असती; परंतु ते कर्णे आणखी एकदां गाडीवर चढले. १९९३ सालीं अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक निजले असतां, ३० सप्टेंबरच्या पहाटें चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें जमीनदोस्त झालीं, आणि सुमारें आठ हजार माणसें मेलीं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचें माळवद, अशा घरांनीं झोंपलेल्या माणसांस उठण्यास वेळच दिला नाहीं. मोंढ्यांतील व्यापाऱ्यांनीं कांबळीं, ताडपत्र्या व पत्रे गोळा केले, आणि अण्णांनीं गाडी दिली. निघण्याच्या आदल्या रात्रीं कोणीं तरी बातमी आणिली कीं, औशापासून पुढें रस्ता मदतीच्या गाड्यांपेक्षां बघ्यांच्या गाड्यांनींच तुंबला आहे. हें ऐकून अण्णा माळ्यावर चढले व कर्णे घेऊन खालीं आले. मी तेव्हां एकवीस वर्षांचा होतों. पाना मींच धरला. नळ्या सात वर्षें तशाच होत्या. साबणाचा फेंस लावून पाहिला, एकहि बुडबुडा आला नाहीं.

त्या दिवशीं अण्णांनीं औशापासून दोरी जवळजवळ सोडलीच नाहीं. पाऊस पडत होता. लोक शिव्या देत बाजूस होत होते, आणि गाडी पुढें सरत होती. त्या भोंग्याचा उपयोग झाला नाहीं असें मी म्हणणार नाहीं. एरव्हीं आम्ही संध्याकाळपर्यंत पोहोंचलों नसतों. गांवाच्या तोंडाशीं एक लष्करी जवान रस्त्याच्या मध्यें उभा होता. त्यानें एक हात वर केला, आणि दुसऱ्या हाताचें बोट ओंठांवर ठेविलें. मग त्यानें किल्ली फिरविल्याची खूण केली. अण्णांनीं इंजिन बंद केलें. पलीकडे ढिगाऱ्यावर पांचसहा माणसें पोटावर निजून दगडांस कान लावून होतीं. मागच्या गाड्याहि एकामागून एक बंद झाल्या. त्या पत्र्यांवर पडणाऱ्या पावसाखेरीज कसलाहि आवाज उरला नाहीं. आम्ही किती वेळ तसे बसलों हें मला सांगतां येत नाहीं. त्या दगडांखालून कोणी निघालें कीं नाहीं, हेंहि आम्हांस कळलें नाहीं. माल दुसरीकडे उतरवून आम्हांस परत फिरविण्यांत आलें. घरीं आल्यावर अण्णांनीं कर्णे पुन्हां उतरविले.

कायद्याविषयीं दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण वाचकांत पालकहि आहेत व त्यांपैकीं कांहींच्या स्वतःच्या गाड्या आहेत. १९८९ च्या केंद्रीय मोटार-वाहन नियमांप्रमाणें, एकापाठोपाठ निरनिराळे स्वर काढणारा किंवा अकारण कर्कश व दचकविणारा भोंगा गाडीवर बसविण्यास मनाई आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत शाळा, रुग्णालयें व न्यायालयें यांच्या भोंवतालचा शंभर मीटरांचा टापू शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करण्याची तरतूद असून तेथें दिवसा ५० डेसिबेल ही मर्यादा आहे. मोठ्या कर्ण्याचा आवाज जवळून शंभराच्या पुढें जातो. आणि दहा डेसिबेल म्हणजे ध्वनीची शक्ति दहापट, ह्या हिशेबानें पन्नास व शंभर यांतील अंतर दुपटीचें नसून एक लक्ष पटीचें आहे. शांतता क्षेत्रांत भोंगा वाजविल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या वेळीं एक हजार व पुढें दोन हजार रुपये दंड आहे. मालमोटारींच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहिण्यास महाराष्ट्रांत २०१५ सालीं बंदी झाली. गाड्या मोजीत बसलें असतां ती पाळणारे अजून थोडेच दिसतात.

अमेरिकेंत मिलर रीझ हचिसन नांवाचा एक संशोधक होऊन गेला. बहिऱ्यांसाठीं विजेवर चालणारें श्रवणयंत्र त्यानें तयार केलें, आणि पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं 'क्लॅक्सन' हा मोटारीचा कर्कश भोंगाहि त्यानेंच काढला. आधीं बहिरें करावें आणि मग यंत्र विकावें, असा ह्या गृहस्थाचा बेत दिसतो, अशी त्याची थट्टा होत असे. मला ही थट्टा वाचून हंसूं आलें नाहीं. माणसाच्या एका कानांत ध्वनि टिपणाऱ्या सूक्ष्म केंसांच्या पेशी सुमारें पंधरा हजार असतात, आणि मोठ्या आवाजानें मेलेली पेशी पुन्हां येत नाहीं. अण्णांचा उजवा कान, म्हणजे खिडकीकडचा, पुष्कळ वर्षांपूर्वींच गेला. आपले कर्णे त्यांनीं फार थोडे दिवस वाजविले. परंतु समोरून येणारी प्रत्येक गाडी उजव्या अंगानेंच जाते, आणि इतरांनीं आपले कर्णे कधींच उतरविले नव्हते. आतां त्यांच्याशीं बोलावयाचें तर मी डाव्या बाजूस बसतों.

ज्या मुलानें मला फाटकापाशीं प्रश्न विचारिला त्यानें पालकांची परवानगी घेऊन एखाद्या रविवारीं आमच्या घरीं यावें. दोन्ही कर्णे माळ्यावर आहेत. पडदा कसा बसतो तें मी उघडून दाखवीन. सायकलीच्या पंपानें लहान कर्णा अजून थोडा वाजतो. दोरी मात्र मीं काढून ठेविली आहे.